रंगखोली आणि विस्तृत रंगव्याप्ती

पडदा किती रंग दाखवतो, या एका प्रश्नात खरे तर दोन प्रश्न आहेत. तो कोणत्या टोकाच्या रंगांपर्यंत पोहोचतो, हे रंगव्याप्तीवरून म्हणजे कलर गॅमटवरून ठरते. त्या टोकांदरम्यान किती पातळ्या आहेत, हे रंगखोलीवरून म्हणजे कलर डेप्थवरून कळते. जाहिरातींत ‘शंभर कोटी रंग’ असे लिहिलेले असते तेव्हा फक्त दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिलेले असते, आणि तेही अर्धवट. ती मोजणी सांकेतिक आकड्यांची असते. डोळ्याला वेगळे ओळखता येणारे रंग त्याहून पुष्कळच कमी असतात.

लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येक घटकाला ८ बिट दिले की प्रत्येकी २५६ पातळ्या मिळतात आणि त्यांच्या १,६७,७७,२१६ जुळण्या होतात. १० बिटांत प्रत्येकी १,०२४ पातळ्या आणि १०७ कोटींहून अधिक जुळण्या. व्हिडिओत मात्र सगळ्या पातळ्या वापरत नाहीत. ८ बिटांत काळ्यासाठी १६ आणि पांढऱ्यासाठी २३५ हे आकडे ठरलेले असल्याने प्रत्यक्ष २२०च पातळ्या उरतात.

पातळ्या कमी पडल्या की काय होते, ते संध्याकाळच्या आकाशाच्या दृश्यात स्पष्ट दिसते. ३,८४० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर आकाशाचा उजेड या कडेपासून त्या कडेपर्यंत अवघ्या २० पातळ्यांनी बदलत असेल, तर प्रत्येक पातळीच्या वाट्याला १९२ पिक्सेलांचा पट्टा येतो. डोळा कडा मुळात आहेत त्यापेक्षा ठळक करून पाहतो, त्यामुळे हे पट्टे लगेच खटकतात. यालाच बँडिंग म्हणतात. १० बिटांत तेच आकाश सुमारे ८० पातळ्यांत विभागले जाते. पट्टे अरुंद होतात आणि शेजारच्या पट्ट्यांमधला फरकही चौथ्या हिश्श्यावर येतो. यावर उपाय म्हणून डिदरिंगमध्ये मुद्दाम बारीक, विखुरलेले ठिपके मिसळून कडा मोडतात. काही पॅनेल मुळात ८ बिटांची असतात आणि लागोपाठच्या फ्रेममध्ये दोन पातळ्या आलटून पालटून दाखवून मधल्या पातळीचा भास निर्माण करतात. या पद्धतीला एफआरसी म्हणतात. ती नीट राबवलेली असेल तर खऱ्या १० बिटांपासून वेगळी ओळखणे अवघड जाते, म्हणून तिला सरसकट कमी लेखणे योग्य नाही. खरी अडचण साखळीची आहे. मूळ फाइल, कोडेक (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत), केबल, प्रक्रिया आणि पॅनेल यांपैकी एक कडी जरी ८ बिटांवर आली, तरी पुढच्या १० बिटांना हरवलेल्या पातळ्या परत आणता येत नाहीत.

रंगव्याप्ती सहसा सीआयई या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या १९३१ च्या आलेखावर दाखवतात. माणसाला दिसणारे रंग त्यावर घोड्याच्या नालेच्या आकारात मांडलेले असतात आणि पडद्याचे तीन मूळ रंग त्यात एक त्रिकोण आखतात. एचडी प्रक्षेपणाचे रेक. ७०९ हे मानक या आलेखाचा ३५.९ टक्के भाग व्यापते. २०१२ मध्ये अल्ट्रा-एचडीसाठी आलेले रेक. २०२० हे मानक सुमारे ७५.८ टक्के व्यापते. डिजिटल सिनेमासाठी ठरलेले पी३ या दोहोंच्या मध्ये बसते. रेक. २०२० चे मूळ रंग ६३०, ५३२ आणि ४६७ नॅनोमीटर अशा एकेका तरंगलांबीचे आहेत. म्हणजे ते लेझरसारख्याच प्रकाशातून पूर्णपणे मिळू शकतात. घरगुती पडदे आजही मुख्यतः पी३ च्या आसपास असतात.

टक्केवारी वाचताना क्षेत्रफळ आणि आच्छादन यांची गल्लत करू नये. एखाद्या पडद्याचा त्रिकोण पी३ एवढ्याच क्षेत्रफळाचा असूनही पी३ च्या काही लाल रंगांना मुकलेला असू शकतो, कारण तो हिरव्याकडे जास्त पसरलेला असतो. उपयोगाचा आकडा आच्छादनाचा. शिवाय हा आलेख हिरव्याकडची बाजू फुगवून दाखवतो. तिथले बरेच अंतर डोळ्याला फारसे जाणवत नाही.

व्याप्ती वाढवण्यासाठी मूळ रंग शुद्ध, म्हणजे अरुंद वर्णपटाचे हवेत. क्वांटम डॉट हे नॅनोमीटर आकाराचे स्फटिक तसा प्रकाश देतात; स्फटिक जितका लहान, तितका प्रकाश निळ्याकडे झुकतो. त्यांच्या शोधाला आणि निर्मितीला २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

दोन्ही संकल्पना एकमेकींना भिडतात त्या इथे. त्याच २५६ पातळ्या मोठ्या त्रिकोणावर ताणल्या की प्रत्येक पातळीतले अंतर वाढते आणि बँडिंग बळावते. म्हणूनच रेक. २०२० मध्ये ८ बिटांची सोयच ठेवलेली नाही; १० किंवा १२ बिटच चालतात. एचडीआर म्हणजे हाय डायनॅमिक रेंजमध्ये उजेडाचा पल्लाही वाढतो, त्यामुळे ही गरज आणखी तीव्र होते.

आकड्यांना स्वतःचा रंग नसतो, हेही लक्षात ठेवायला हवे. ‘हिरवा २५५’ म्हणजे नेमका कोणता हिरवा, ते मानकावर अवलंबून असते. रेक. ७०९ चे चित्र रूपांतर न करता पी३ पडद्यावर दाखवले की चेहरे लालभडक होतात आणि गवत डोळ्यांत खुपते. उलट रेक. २०२० चे चित्र तसेच जुन्या पडद्यावर टाकले तर ते फिके, निस्तेज दिसते.

मूळ रंग अतिशुद्ध झाले की एक नवी अडचणही येते. शेजारी बसलेल्या दोघांना एकाच पडद्यावरचा पांढरा थोडा वेगळा दिसू शकतो. १९३१ चे मानक राइट आणि गिल्ड या संशोधकांनी स्वतंत्रपणे, एकूण केवळ १७ निरीक्षकांवर केलेल्या मोजमापांच्या सरासरीवर उभे आहे, आणि प्रत्येकाचे डोळे त्या सरासरीशी तंतोतंत जुळत नाहीत. रुंद वर्णपटाच्या जुन्या पडद्यांवर हा फरक झाकला जात असे. लेझर प्रोजेक्टरवर तो उघड होतो.