इंडेक्स सुचवणारे साधन आणि त्याचे डॉक्युमेंटेशन वाचणारा एआय एजंट

कोल्हापूर परिसरातल्या एखाद्या साखर कारखान्याचा वजनकाटा डोळ्यांसमोर आणावा. उसाने भरलेली ट्रॉली काट्यावर चढली की भरल्या गाडीचे वजन डेटाबेसमध्ये नवी ओळ म्हणून जाते. ऊस गव्हाणीत टाकून गाडी परत आली की रिकाम्या गाडीचे वजन त्याच ओळीत भरले जाते आणि दोहोंतल्या फरकाची पावती निघते. अनेक हंगामांच्या नोंदी साठल्यावर ‘अमुक सभासदाच्या यंदाच्या पावत्या दाखवा’ एवढ्या साध्या मागणीलाही वेळ लागू लागतो, कारण इंडेक्स, म्हणजे पुस्तकाच्या शेवटच्या सूचीसारखी हव्या त्या ओळी चटकन शोधून देणारी रचना, नसेल तर त्या तक्त्यातली प्रत्येक ओळ चाळावी लागते. सभासद क्रमांक आणि तारीख अशा क्रमाने इंडेक्स केला, तर त्या सभासदाच्या यंदाच्या नोंदी सलग सापडतात. क्रम उलटा केला, तर हंगामातल्या सगळ्यांच्याच नोंदी धुंडाळाव्या लागतात.

असा इंडेक्स सुचवणारी साधने जुनीच आहेत. मायक्रोसॉफ्टने 1998 च्या एसक्यूएल सर्व्हर 7.0 या डेटाबेस प्रणालीत इंडेक्स ट्यूनिंग विझार्ड दिला होता. त्याचा सल्ला माणूस वाचत असे. आता अशी साधने एआय एजंट, म्हणजे सोपवलेले काम साधने वापरून स्वतःच पार पाडणारा एआय प्रोग्राम, चालवतो. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने खुल्या केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलसारख्या पद्धतीत प्रत्येक साधनाचे नाव, त्याचे शब्दांतले वर्णन आणि त्याला काय पुरवायचे याचा साचा एजंटसमोर ठेवला जातो, आणि साधन कधी व कसे वापरायचे हे तो प्रामुख्याने त्यावरूनच ठरवतो. म्हणून अशा साधनाचे डॉक्युमेंटेशन तपासताना ते वाचायला किती सुबोध आहे याला मी दुय्यम मानतो. केवळ त्याच्या आधारावर वागणारा एजंट काय करून बसेल, हा खरा प्रश्न आहे.

पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीतली ‘एक्सप्लेन’ ही आज्ञा क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे केलेली मागणी, न चालवता ती कशी पार पाडली जाईल याचा आराखडा आणि अंदाजे खर्च सांगते. हा खर्च मिलिसेकंदांत नसतो. डेटाबेसमधले एक पान ओळीने वाचण्याचा खर्च सर्वसाधारणपणे 1 धरून केलेले ते तुलनात्मक गणित असते. हे लिहिलेले नसेल, तर खर्चाचा आकडा दहापट घटलेला पाहून एजंट ‘क्वेरी दहापट वेगवान झाली’ असे बेधडक कळवील. ‘हायपोपीजी’ हे पोस्टग्रेसला जोडायचे एक्स्टेन्शन प्रत्यक्ष इंडेक्स न बांधता तो असल्याचे गृहीत धरून आराखडा काढू देते, पण फक्त साध्या ‘एक्सप्लेन’मध्ये. ‘एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ’ मात्र क्वेरी खरोखरच चालवते, आणि ती ओळी पुसणारी असेल तर ओळी खरोखरच पुसल्या जातात. ही सूचना तळटिपेत घालणाऱ्या लेखकाला मी गुण देणार नाही.

सर्वांत मोठा धोका इंडेक्स बांधण्याच्या क्षणी असतो. पोस्टग्रेसची साधी ‘क्रिएट इंडेक्स’ आज्ञा काम संपेपर्यंत त्या तक्त्यातले वाचन चालू ठेवते, पण लेखन अडवते. भर हंगामात ती आज्ञा सुटली, तर भरल्या गाडीचेही वजन नोंदले जाणार नाही आणि रिकाम्या गाडीचेही. फाटकाबाहेरची रांग माणसाला खिडकीतून दिसेल, एजंटला दिसणार नाही. ‘कंकरंटली’ जोडल्यास लेखन चालू राहते, मात्र जास्त वेळ लागतो, ही आज्ञा ट्रान्झॅक्शनच्या, म्हणजे एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणाऱ्या आज्ञांच्या गटाच्या, आत चालत नाही आणि मध्येच फसली तर निकामी इंडेक्स मागे उरतो, जो क्वेरीच्या उपयोगाचा नसूनही प्रत्येक नोंदीमागे खर्च वाढवू शकतो. तो शोधून काढून टाकायचा कसा, हे बहुधा लिहायचे राहून जाते.

तपासणी प्रयोगानेच करावी. ज्याची योग्य उत्तरे आधीच ठाऊक आहेत असा नमुना डेटाबेस एजंटला द्यावा, तीच कामे अनेकदा करून घ्यावीत, मग डॉक्युमेंटेशनमधले एकेक वाक्य गाळून निर्णय बदलतो का ते पाहावे. जे वाक्य गाळूनही काही बदलत नाही, ते बहुतेक वेळा ‘अत्यंत प्रभावी’ अशा धाटणीचे निघते. कामांमध्ये ‘नवा इंडेक्स नको’ हेच बरोबर उत्तर असलेली उदाहरणे हवीतच, कारण सुचवण्यासाठी बनवलेले साधन हाती आले की एजंटचा कल काहीतरी सुचवण्याकडेच झुकतो, आणि प्रत्येक जादा इंडेक्स नोंदी भरण्याचे काम जड करतो.

उलट बाजूही तपासावी, म्हणजे इंडेक्स काढण्याचा सल्ला. पोस्टग्रेस प्रत्येक इंडेक्स किती वेळा वापरला गेला ते मोजतो, पण ही मोजणी शेवटच्या रीसेटपासूनची, म्हणजे ती शेवटची शून्यावर आणली तेव्हापासूनची असते. सभासदांना दिवाळीची साखर वाटतानाच लागणारा इंडेक्स जानेवारीत रीसेट झालेल्या मोजणीत जुलैमध्ये शून्य दिसेल. शिवाय अहवाल वेगळ्या रेप्लिका सर्व्हरवर, म्हणजे मुख्य डेटाबेसची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवर, निघत असतील, तर तिथला वापर मुख्य सर्व्हरच्या मोजणीत धरलाच जात नाही. तेव्हा ‘न वापरलेले इंडेक्स’ अशी यादी देणाऱ्या साधनाच्या वर्णनात मोजणी कोणत्या तारखेपासूनची आणि कोणत्या सर्व्हरवरची, या दोन्ही गोष्टी यादीसोबतच मिळतील असे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर तेवढ्या एका कारणावरून ते डॉक्युमेंटेशन परत पाठवावे.