डब्यातल्या फिल्मला काय होतं?

सिनेमाच्या संग्रहालयात गेलात तर जुन्या कॅमेऱ्यांपाशी जरूर रेंगाळा, पण फिल्म जतनाचं दालन पाहिल्याशिवाय बाहेर पडू नका. यंत्रं तेलपाणी केलं की शंभर वर्षांनीही चालतात. फिल्मचं तसं नाही. ती डब्यात नुसती पडून असली, तरी तिच्यात रासायनिक क्रिया चालूच असते.

सुरुवातीच्या फिती सेल्युलोज नायट्रेटच्या असत. हा पदार्थ भयंकर ज्वालाग्राही. जळायला लागणारा ऑक्सिजन त्याच्या रेणूतच असतो, त्यामुळे पेटलेली फीत पाण्यात बुडवली तरी जळत राहते. 1950 च्या सुमारास तिची जागा ॲसिटेटच्या ‘सेफ्टी फिल्म’ने घेतली आणि आगीची भीती गेली.

पण ॲसिटेटचा शत्रू हवेतच होता. उष्णता आणि दमटपणा मिळाला की त्याचे रेणू तुटू लागतात आणि ॲसिटिक आम्ल सुटतं, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच. बिघडलेल्या रिळाचा डबा उघडताच तो आंबूस वास नाकात शिरतो. वाईट गोष्ट अशी की, सुटलेलं आम्ल याच क्रियेला आणखी वेग देतं. फीत आकसते, वेडीवाकडी होते. आकसणं अवघं एक टक्का असलं, तरी कडेची भोकं प्रोजेक्टरच्या दात्यांवर नीट बसत नाहीत. म्हणून डब्यात रंग बदलणारी कागदी पट्टी ठेवून तपासतात. आम्ल वाढेल तशी ती निळ्याची हिरवी, मग पिवळी होते.

झालेली हानी भरून येत नाही, पुढची फक्त लांबवता येते, आणि तेही थंडीने. 21 अंश सेल्सिअस आणि 50 टक्के आर्द्रतेत ताज्या ॲसिटेट फितीला हा रोग जडायला साधारण 40 वर्षं लागतात. शून्याच्या आसपास हाच काळ कित्येक पटींनी वाढतो. कॅनडातल्या डॉसन सिटीत 1978 साली गोठलेल्या जमिनीखाली शेकडो नायट्रेट रिळं सापडली. सुमारे अर्धं शतक पुरलेली असूनही त्यांतली बरीचशी दृश्यं वाचवता आली!

रंगांचं दुखणं वेगळं. 1950 नंतरच्या अनेक प्रिंटमधलं निळसर रंगद्रव्य अंधारातही उडतं आणि सगळं चित्र गुलाबी होऊन बसतं. त्यावरची तोड मला फार सुंदर वाटते. लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून तेच चित्र तीन कृष्णधवल पॉलिएस्टर फितींवर उतरवायचं. त्यांवरची प्रतिमा चांदीची असते, ती रंगद्रव्यासारखी उडत नाही. पुढे कधी रंग हवे झाले, की तिन्ही फितींवरून पुन्हा रंगीत प्रिंट काढायची.