गॅस चेक

गॅस चेक : शिसे साच्यात ओतून केलेल्या गोळीच्या बुडाला बसवली जाणारी धातूची उथळ वाटी. काडतुसातील दारू पेटल्यावर तयार होणारा वायू गोळी आणि नळी यांच्यामधल्या फटीतून पुढे निसटू न देणे, हे तिचे काम. बाजारात मिळणारी चेक बहुधा तांब्याची किंवा तांबे-जस्ताच्या मिश्रधातूची असते आणि तिच्या पत्र्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास भरते.

ही कल्पना मूळची तोफखान्यातली. ब्रिटिशांच्या तोंडाकडून भरायच्या खाचेदार तोफांत गोळा आत सरकावा म्हणून तो नळीपेक्षा किंचित लहान ठेवावा लागे आणि त्याच्या अंगावरच्या गुंड्या नळीतील सर्पिल खाचांत बसत. उरलेल्या फटीतून सुटणारा तप्त वायू नळीचे पोलाद कुरतडत जाई. म्हणून १८७८ च्या सुमारास गोळ्याच्या बुडाशी तांब्याची चकती आली. दाबाने ती पसरून खाचांत घट्ट बसे. पुढे गोळ्याला फिरकी देण्याचे कामही तिच्याकडेच आले आणि गुंड्या अनावश्यक ठरल्या.

बंदुकीच्या गोळीला तिची गरज भासली ती धूरविरहित दारूमुळे. फ्रान्समध्ये १८८४ मध्ये पॉल व्हिएल यांनी ही दारू सिद्ध केल्यानंतर दाब आणि वेग इतके वाढले की उघडे शिसे टिकेना. सैन्यांनी धातूचे आवरण असलेल्या गोळ्या स्वीकारल्या; स्वतः गोळ्या ओतणाऱ्या नेमबाजांसाठी मात्र अमेरिकेतील आयडियल कंपनीचे जॉन बार्लो यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बुडाची वाटी प्रचारात आणली. ही कंपनी १९२५ मध्ये लायमन या दुसऱ्या अमेरिकन कंपनीने घेतली.

चेक नसेल तर गोळी वितळते, असे सर्रास सांगितले जाते. गोळी नळीत जेमतेम एक-दोन मिलिसेकंद असते, तेव्हा शिशाचा वितळणबिंदू ३२७ अंश सेल्सिअस इतका कमी असला तरी एवढ्या वेळात सगळे बूड वितळण्याचा प्रश्न येत नाही. खरा उपद्रव होतो तो कडेच्या फटीत. तिथून जोराने घुसणारा वायू मऊ धातू कापत जातो आणि सुटलेले शिसे नळीच्या खाचांत थापले जाऊन नेम बिघडतो. त्यामुळे गोळीचे माप हीच पहिली गोष्ट आहे. ती खाचांच्या व्यासापेक्षा (समोरासमोरच्या खाचांच्या तळांमधल्या अंतरापेक्षा) साधारण ०.०२५ ते ०.०५ मिलिमीटर मोठी हवी. मापाला कमी पडलेली गोळी उत्तम चेकनेही सुधारत नाही. मिश्रधातूचा कठीणपणा त्यानंतर येतो. शिशात कथील आणि अँटिमनी मिसळून तो वाढवतात, आणि छापखान्यातले खिळेही याच तीन धातूंचे असत. साध्या बुडाची गोळी सुमारे ४०० मीटर प्रतिसेकंद वेगापर्यंत नीट चालते, तर चेक लावलेली ६०० च्या पुढेही जाते.

चेक बसवण्यासाठी गोळीच्या बुडाचा भाग साच्यातच थोडा बारीक ओतलेला असतो. वाटी त्यावर ठेवून गोळी मापाच्या डायमधून, म्हणजे ठरावीक छिद्राच्या साच्यातून, दाबली की वाटीची कड आवळली जाते. ती तिरपी बसली तर गोळी लक्ष्याला सरळ लागत नाही; तिरपेपणा गोळी हातात घेऊन पाहिल्यावर लगेच कळतो.

अमेरिकेत २०१३ च्या सुमारास काडतुसांच्या साहित्याची टंचाई झाली, तेव्हा घरी चेक करण्याच्या जुन्या प्रथेला जोर आला. पत्र्यातून चकती छाटून तिला वाटीचा आकार देणारा पंच-डाय त्यासाठी वापरतात. छपराच्या सांध्यांवर लावायचा ॲल्युमिनियमचा पत्रा जाडीला जवळचा पडतो. शीतपेयाच्या डब्याची भिंत मात्र जेमतेम ०.१ मिलिमीटर असल्याने तिचे थर एकावर एक घ्यावे लागतात. तांब्याचा पत्रा आधी तापवून मऊ केला नाही तर वाटीची कड फाटते. ॲल्युमिनियम स्वस्त असले तरी कड आवळल्यावर ते किंचित उसळून सैल होते. तांब्याची पकड अधिक भरवशाची असते.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार दारूगोळ्याचे सुटे भाग आणि ते तयार करण्याची यंत्रसामग्री यांचाही दारूगोळ्यातच समावेश होतो, आणि परवान्याशिवाय त्याचे उत्पादन करणे गुन्हा आहे.