ख्यातिवाद

ख्यातिवाद : भ्रमात जे दिसते त्याचे स्वरूप काय, याविषयी भारतीय दर्शनांनी मांडलेल्या उपपत्ती. ‘ख्याती’ म्हणजे येथे कीर्ती नव्हे. भासणे, ज्ञान होणे. इंद्रियांना जग जसे आहे तसेच कळते का, हा वाद दर्शनकार बहुधा शिंपल्यावर भासणाऱ्या चांदीवरून घालतात. दोरीवरचा साप हे वेदान्त्यांचे आवडते उदाहरण.

न्यायसूत्रांतील प्रत्यक्षाच्या लक्षणात (१.१.४) ‘अव्यभिचारि’ (न चुकणारे) हे पद मृगजळासारखे ज्ञान वगळण्यासाठी आहे, असे भाष्यकार वात्स्यायन सांगतात. बौद्धांपैकी दिङ्नागांनी प्रत्यक्षाला ‘कल्पनापोढ’ (नाव, जाती इत्यादींची कल्पना न जोडलेले) एवढेच म्हटले होते. ‘अभ्रांत’ हे पद धर्मकीर्तींनी जोडले. नेत्ररोग, गरगर फिरणारे कोलीत, चालती नाव अशा कारणांनी कल्पनेविनाही चूक होते, हे त्यांनी नोंदवले.

मीमांसक प्रभाकरांच्या मते (अख्याती) खोटे ज्ञान असे नसतेच. ‘हे’ प्रत्यक्ष आणि ‘चांदी’ ही स्मृती, त्यांतला भेद तेवढा कळत नाही. मग माणूस ती उचलायला वाकतो कशाला, ही नैयायिकांची (न्यायदर्शनाच्या अनुयायांची) हरकत आजही वजनदार वाटते. त्यांच्या अन्यथाख्यातीत चांदी खरीच असते, पण दुसरीकडे. विज्ञानवादी बौद्ध ती ज्ञानातच मानतात (आत्मख्याती). असत्ख्याती, म्हणजे मुळात नसलेलेच भासते हे मत, सहसा माध्यमिकांच्या (शून्यवादी बौद्धांच्या) नावे सांगतात. अद्वैत्यांच्या मते ती सत् असती तर पुढे बाधित झाली (खोटी ठरली) नसती, असत् असती तर दिसली नसती; म्हणून अनिर्वचनीय. रामानुज सर्वच ज्ञान यथार्थ मानतात.

ख्याती पाच असल्याची परंपरा उत्तरकालीन दिसते. मंडनमिश्रांच्या विभ्रमविवेक या ग्रंथात आरंभी चारच येतात, अनिर्वचनीयख्याती त्यांत नाही. मात्र अविद्या सत्‌ही नव्हे नि असत्‌ही नव्हे, हे मत ब्रह्मसिद्धीत त्यांचेच आहे. या कालक्रमात मंडनांचे टीकाकार वाचस्पतिमिश्र यांचा काळ कळीचा ठरतो. त्यांच्या न्यायसूचीनिबंधात ‘८९८’ हे वर्ष आहे, ते कोणत्या कालगणनेतले हे नाही. विक्रम संवत् धरल्यास इ. स. ८४१, शक धरल्यास ९७६. त्यांच्या तात्पर्यटीकेवर लिहिणाऱ्या उदयनांची लक्षणावली शके ९०६ ची (इ. स. ९८४) मानली जाते; शक धरल्यास दोघांत आठच वर्षांचे अंतर उरते, हे पाहता पहिला पर्याय अधिक संभवनीय.

मराठीत ज्ञानदेवांच्या अमृतानुभवातील ‘अज्ञानखंडन’ हे सातवे, सर्वांत दीर्घ प्रकरण या चर्चेच्या जवळचे आहे. तेथे रोख मात्र भ्रमाच्या प्रकारांवर नसून त्याचे कारण म्हणून गृहीत धरलेल्या अज्ञानावरच आहे.