उचल घेतलेला माणूस: वेठबिगारी ओळखण्याच्या कायद्यामागचा इतिहास

सोलापुरात 'सेटलमेंट' हा नुसता पत्ता नाही. १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मापासूनच गुन्हेगार ठरवलेल्या माणसांना इंग्रज सरकारने इथे तारेच्या कुंपणात ठेवलं, रोज हजेरी घेतली आणि गिरण्यांत कामाला धाडलं. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. माणसाला डांबून राबवणं हे सावकाराचंच काम नव्हतं, सरकारही ते करत होतं, हे या शहराने विसरू नये.

राज्यघटनेच्या कलम २३ ने वेठबिगारीला, म्हणजे माणसाला सक्तीने राबवून घेण्याला, बंदी घातली, पण तिची अंमलबजावणी करणारा देशव्यापी कायदा यायला २५ वर्षं गेली. तोवर गावोगाव सालगडी, म्हणजे सालभर मालकाकडे बांधलेले गडी, होते. ठाण्याकडे लग्नाच्या कर्जापायी राबणारे 'लग्नगडी' होते आणि त्याच वेठीविरुद्ध १९४५ मध्ये वारली उठले होते. ऑक्टोबर १९७५ मध्ये वटहुकूम निघाला आणि १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. या कायद्याने वेठबिगारांचं कर्ज एका फटक्यात संपवलं. ते वसूल करणं गुन्हा ठरवलं. कर्ज वेठीचं नव्हतं, हे सिद्ध करायची जबाबदारीही सावकारावर टाकली. वेठबिगार शोधायचं काम जिल्हाधिकारी, प्रांताधिकारी आणि दक्षता समित्यांकडे आलं.

१९८२ मध्ये दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पोटापायी किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबणं हीसुद्धा सक्तीच आहे. डिसेंबर १९८३ मध्ये दगडखाणींच्या प्रकरणात ते आणखी पुढे गेलं: मजूर सक्तीने राबतोय असं दिसलं, तर त्यामागे उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, आहे असंच धरून चालावं. कागदाचा पुरावा मजुराकडे मागू नये. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत माणुसकीचं वाक्य हेच.

आता सोलापूरच्या उसाच्या फडावर या. दिवाळीच्या सुमारास बीडकडून, कर्नाटकाच्या सीमेकडून जोडपी येतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. उचल आधीच घेतलेली, हिशोब मुकादमाच्या, म्हणजे मजूर आणणाऱ्या ठेकेदाराच्या वहीत, मुक्काम कोपीत, म्हणजे झोपडीत. हंगाम संपला तरी उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षावर. प्रत्येक कोयता वेठबिगार असतो असं मी म्हणत नाही. मुकादम बदलता येतो का, मधेच गावी जाता येतं का, यावर ते ठरतं. पण मजूर मधेच निघून गेला तर पोलीस ठाण्यात तक्रार होते ती बहुधा त्याच्याच विरुद्ध, फसवणुकीची. कायदा ज्या उचलीला वेठीची खूण मानतो, तीच इथे मजुराच्या गुन्ह्याचा पुरावा होते. कारखाना म्हणतो, माणसं मुकादमाची. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा आंतरराज्य कामगारांपुरता होता. त्यामुळे विजापूरचा मजूर त्यात येऊ शकत होता, बीडचा नाही.

शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात जून २०२३ मध्ये विहिरी खोदणाऱ्या ११ मजुरांची सुटका झाली. त्यांना रात्री साखळदंडाने बांधून ठेवत. साखळी दिसली की गुलामी सगळ्यांनाच पटते. वहीतली बाकी कुणाला दिसत नाही.

ब्रिटनने २००९ पासून पीडित ओळखायची स्वतंत्र यंत्रणा चालवली आहे. तिथे आधी प्राथमिक निर्णय होतो, मग आसरा आणि सावरायला अवधी मिळतो. आपल्याकडे सगळं अडतं ते मुक्ती प्रमाणपत्रावर, म्हणजे हा माणूस वेठबिगार होता आणि आता सुटला असं सरकारने लिहून देण्यावर. केंद्राची पुनर्वसन योजना १९७८ ची. २०१६ मध्ये मदत पुरुषांना १ लाख, स्त्रिया व मुलांना २ लाख, तर अत्यंत गंभीर प्रकरणांत ३ लाख रुपयांवर गेली आणि प्रत्येक जिल्ह्यात १० लाखांचा निधी ठेवायचं ठरलं. पण मोठी रक्कम मालकाला शिक्षा होण्याशी जोडली गेली. हाती लगेच येते ती तातडीची मदत, आधी २० हजार आणि नंतर ३० हजार. प्रमाणपत्र देतो सुटकेचा जिल्हा, पुनर्वसन करायचं गावाकडच्या जिल्ह्याने. म्हणजे सोलापुरात सुटलेल्या बाईची फाइल बीडला पोचली पाहिजे, आणि तीही पुढच्या हंगामाची उचल घेऊन मुकादम दारात येण्याआधी.