मोठी स्क्रीन, पण कुठल्या बाजूने मोठी?

गोव्यात चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की म्हापशाच्या बाजारात गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या सामानाभोवती गर्दी होते आणि तशीच गर्दी मोबाइलच्या दुकानांतही होते. वर्षभर पुढे ढकललेली खरेदी याच पंधरवड्यात उरकायची, ही आपल्याकडची जुनी रीत. अलीकडे त्या खरेदीत एक प्रश्न हमखास येतो. घरातला फोन अजून चालतो आहे, तरी मोठ्या स्क्रीनचा नवा घ्यावा का? बहुतेक वेळा तो आईवडिलांसाठी विचारला जातो. डोळ्यांना त्रास होतो, वर्तमानपत्र आता फोनवर पानाच्या स्वरूपात येते, देवळातल्या नाटकाचे रेकॉर्डिंग बघायचे असते. प्रश्न साधा वाटतो. पण ‘मोठी स्क्रीन’ या दोन शब्दांचा अर्थ गेल्या पंधरा वर्षांत इतका बदलला आहे की तो बदल समजून घेतल्याशिवाय पैसे मोजू नयेत, असे माझे मत आहे.

मागचा इतिहास थोडक्यात. भारतात मोबाइल सेवा १९९५ साली आली. परवान्यांच्या विभागणीत गोवा महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये गेला, त्यामुळे सावंतवाडी-कोल्हापूरशी बोलणे आपल्याला पहिल्यापासून सोयीचे राहिले. मे २००३ पासून इनकमिंग फुकट झाले आणि फोन सामान्य माणसाच्या खिशात आला. त्या काळात फोन जितका लहान तितका भारी मानला जाई. आखातातून सुट्टीवर येणारा नातेवाईक जो फोन आणायचा, तो मुठीत मावतो म्हणून त्याचे कौतुक व्हायचे.

२००७ च्या पहिल्या आयफोनची स्क्रीन साडेतीन इंच होती, आणि पुढची काही वर्षे तेच माप योग्य समजले गेले. २०१० मध्ये पाच इंची फोन बाजारात आला, तेव्हा आयफोन घडवणाऱ्या कंपनीच्या प्रमुखाने असले हातात न मावणारे फोन कोणी घेणार नाही, असे पत्रकारांसमोर सांगून टाकले. सप्टेंबर २०११ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात एका कोरियन कंपनीने ‘गॅलक्सी नोट’ दाखवला. स्क्रीन ५.३ इंच, सोबत लेखणी, आणि अंगाची रुंदी जवळजवळ ८३ मिलिमीटर. कानाला पाटी लावल्यासारखे दिसते, अशी त्याची थट्टा झाली. फोन आणि टॅब्लेट एकत्र करून ‘फॅब्लेट’ हा शब्द तेव्हाच रूढ झाला, आणि बराच काळ तो हिणवण्यासाठीच वापरला गेला.

थट्टा फार टिकली नाही. २०१२ मध्ये ‘कॅनव्हास’ मालिकेतल्या पाच इंची भारतीय फोनने दहा हजारांच्या आसपासच्या किमतीत मोठी स्क्रीन देऊ केली, आणि आपल्याकडे मोठा फोन खरा पसरला तो तिथून. त्याच सुमारास अँड्रॉइडवर देवनागरीही सुधारत होती. त्याआधीच्या कित्येक फोनांवर मराठी मजकुराच्या जागी नुसते चौकोन दिसत, आणि जिथे अक्षरे उमटत तिथे पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसे. जोडाक्षरे नीट जुळायला लागली आणि मोठ्या स्क्रीनवर मराठी वाचता येते हे लोकांच्या लक्षात आले. सप्टेंबर २०१४ मध्ये आयफोननेही ५.५ इंचांचे मॉडेल काढले. मोठी स्क्रीन हवी की नको हा वाद तिथेच संपला. ‘फॅब्लेट’ हा शब्दही हळूहळू नाहीसा झाला, कारण सगळेच फोन त्या मापाचे झाले. ज्या ‘नोट’ने सुरुवात केली, त्याचे शेवटचे मॉडेल २०२० मध्ये आले आणि त्याची लेखणी पुढे दुसऱ्या मालिकेत सामावली.

मग २०१६. त्या वर्षी डेटा स्वस्त झाला, यूपीआय सुरू झाले, आणि नोव्हेंबरमध्ये नोटाबंदी आली. २०२० मध्ये शाळा घरात आल्या. सत्तरी आणि सांगे तालुक्यांच्या गावांतली मुले नेटवर्क मिळावे म्हणून डोंगरावर जाऊन बसत, हे सगळ्यांना आठवत असेल. एकाच फोनवर मुलाचा वर्ग, आईचे व्हॉट्सॲप आणि वडिलांचे वर्तमानपत्र असे सुरू झाले, तेव्हा मोठी स्क्रीन ही चैन उरली नाही.

गोंधळ त्याच्या तीन वर्षे आधी सुरू झाला होता. तो ‘इंच’ या शब्दाचा आहे.

स्क्रीनचे माप कर्णात सांगतात, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत. ही पद्धत टीव्हीकडून आली. सुरुवातीच्या पिक्चर ट्यूब गोल असत, त्यामुळे व्यास हेच माप असे. ट्यूब चौकोनी झाल्यावर व्यासाची जागा कर्णाने घेतली. या शतकाच्या सुरुवातीला अकरावी-बारावीच्या मुलांना संगणक देण्याची सरकारी योजना आली, तेव्हा आपल्याकडच्या बऱ्याच घरांत पहिला मॉनिटर पोचला. त्याचे इंचही असेच मोजलेले होते. तेव्हा फसगत होत नसे, कारण सगळ्या पडद्यांचा आकार एकसारखा होता. आकार एकच असला की कर्ण वाढला म्हणजे रुंदी वाढली आणि उंचीही वाढली.

फोनमध्येही २०१६ पर्यंत जवळपास असेच होते. स्क्रीनच्या उंचीचे रुंदीशी प्रमाण बहुतेक सगळीकडे १६:९. २०१७ च्या सुरुवातीला दोन कोरियन कंपन्यांनी १८:९ आणि १८.५:९ प्रमाणाचे फोन आणले. त्याच वर्षीचा आयफोन १९.५:९ वर गेला आणि नंतर स्वस्त फोन २०:९ वर स्थिरावले. खालचे बटण गेले, कडा बारीक झाल्या, बोटाच्या ठशाची जागा मागे किंवा बाजूला गेली, आणि स्क्रीन वर-खाली ताणली गेली. रुंदी वाढवणे शक्यच नव्हते. माणसाचा तळवा तेवढाच असतो, अंगाची रुंदी ७७-७८ मिलिमीटरच्या पुढे गेली की अंगठा पलीकडच्या कडेला पोचत नाही. उंचीला मात्र अशी अडचण नव्हती. उंची वाढली की कर्ण वाढतो, आणि कर्ण वाढला की खोक्यावरचा आकडा वाढतो.

हे मला माझ्या घरात कळले. साखळी गावी बाबांकडे २०१६ साली घेतलेला साडेपाच इंची फोन होता. बॅटरी दुपारपर्यंत टिकेना, म्हणून साडेसहा इंची नवा घेतला. दुकानदाराने तो हातात ठेवला आणि म्हणाला, “हाची स्क्रीन व्हड आसा,” म्हणजे याची स्क्रीन मोठी आहे. खोक्यावर कायद्याप्रमाणे सेंटीमीटरही छापले होते, १६.५१. जुना १३.९७ चा. आकड्यांकडे बघून कोणीही म्हणेल की चांगलाच मोठा आहे. घरी आल्यावर बाबांनी नेहमीसारखे वर्तमानपत्राचे पान उघडले, चष्मा कपाळावर ढकलला, फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. म्हणाले, “अरे, अक्षर आहे तेवढेच आहे.” मला वाटले, सवय नाही म्हणून असेल. त्यांनी कपाटातून शाळेची प्लास्टिकची पट्टी काढली आणि दोन्ही फोन टेबलावर शेजारी ठेवून त्यांच्या स्क्रीन आडव्या मापल्या. जुन्याची स्क्रीन साडेअडुसष्ट मिलिमीटर. नव्याची अडुसष्टला जरा कमी.

गणित सोपे आहे. १६:९ च्या साडेपाच इंची स्क्रीनची रुंदी ६८.५ मिलिमीटर आणि उंची १२१.८ भरते. २०:९ च्या साडेसहा इंची स्क्रीनची रुंदी ६७.८ आणि उंची १५०.६. वाढलेला अख्खा इंच उंचीत गेला, रुंदी उलट किंचित घटली. वर्तमानपत्राचे आठ स्तंभांचे पान फोनच्या रुंदीत बसवायचे, तर एका स्तंभाला दोन्हीकडे साडेआठ मिलिमीटरच मिळतात. अक्षर मोठे कसे होणार?

नाटकाच्या रेकॉर्डिंगचेही तेच. फोन आडवा धरला की आता रुंदीची उंची होते. साधा १६:९ चा व्हिडिओ जुन्या फोनवर पूर्ण स्क्रीन भरून १२१.८ मिलिमीटर रुंद दिसायचा. नव्यावर तो १२०.५ चा होतो आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. म्हणजे एक इंच ‘मोठ्या’ फोनवर जत्रेचे नाटक केसभर लहान दिसते. पट्ट्या घालवायला चित्र ताणले, तर वर आणि खाली कापले जाते, आणि उभ्या नटाचा मुकुट जातो. मला हे भरून न येणारे नुकसान वाटते, कारण याच कामासाठी लोक मोठा फोन घेतात.

आणखी एक तुलना बोलकी आहे. २०११ च्या त्या थट्टेच्या ‘नोट’ची स्क्रीन १६:१० ची होती, म्हणजे ५.३ इंचांतच तिची रुंदी ७१ मिलिमीटरच्या वर होती. २०२४ चा ६.८ इंची महागडा फोन ७२ च्या आसपास आहे. तेरा वर्षांत आकडा दीड इंचाने वाढला आणि रुंदी मिलिमीटरभर.

उंच स्क्रीनचा उपयोग नाही असे नाही. क्षेत्रफळ साधारण पाचव्या हिश्श्याने वाढते. देवनागरी कीबोर्ड उघडला तरी वर चार-पाच निरोप दिसत राहतात, यादी सरकवताना अंगठा कमी चालतो, आणि उभे चित्रीत केलेले छोटे व्हिडिओ भरून दिसतात. बातमी संकेतस्थळावर वाचत असाल, जिथे मजकूर स्क्रीनप्रमाणे मोडतो, तर अक्षर मोठे केल्यावरही ओळी जास्त मावतात. तरुणांना हाच फोन आवडतो, त्यांचे बरोबर आहे. पण दुकानात तो ज्यांच्या नावाने विकला जातो, त्यांचे वाचन छापील पानाचे असते, आणि ते पान रुंदी मागते. खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत फोनच्या अंगाची रुंदी बहुतेकदा असते. तीही कोणी वाचून दाखवत नाही.

दराचा इतिहासही निर्णयात येतो. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा फोनवर १२ टक्के होता, एप्रिल २०२० पासून तो १८ झाला. २०२५ ची चवथ २७ ऑगस्टला होती, आणि त्याआधीच स्वातंत्र्यदिनाला कर कमी होणार असल्याची घोषणा झाली होती. त्यामुळे पुष्कळ लोक थांबले. २२ सप्टेंबरला नवे दर लागू झाले, ३२ इंचांवरचे टीव्ही २८ वरून १८ टक्क्यांवर आले, फोन मात्र होता तिथेच, १८ वर राहिला. टीव्हीसाठी थांबलेल्यांना फायदा झाला, फोनसाठी थांबलेल्यांची चवथ तेवढी कोरडी गेली.

आपल्या पावसाचे वेगळेच. ओल्या बोटाला किंवा काचेवर थेंब असताना स्पर्शाची स्क्रीन नीट ओळख देत नाही, आणि जून ते सप्टेंबर फेरीबोटीच्या धक्क्यावर एका हातात छत्री आणि दुसऱ्यात फोन असतो. उंच फोन अशा वेळी वरच्या बाजूने कलंडतो. शर्टाच्या खिशातून अर्धा बाहेर राहणारा फोन वाकताना पडतो. मोटरसायकल टॅक्सी चालवणारे पायलट भाडे घेऊन जाताना हँडलवर फोन लावतात, त्यांना मोठा नकाशा सोयीचा, पण काच फुटली की मोठ्या काचेचा खर्चही मोठा.

लहान फोनकडे परत जावे म्हटले तर रस्ता जवळपास बंद आहे. २०२० मध्ये आयफोनने ५.४ इंचांचे ‘मिनी’ काढले, २०२१ मध्ये आणखी एक, आणि पुढे ती मालिका थांबवली. दुसऱ्या टोकाला २०१९ पासून घडी घालायचे फोन आहेत. सुरुवातीच्या एका फोनची उघडलेली स्क्रीन ७.३ इंच होती, पण तिचे प्रमाण जवळपास चौकोनाचे, म्हणून रुंदी १०८ मिलिमीटर. पंधरा वर्षांत रुंदी खरोखर वाढली ती इथेच, आणि तिची किंमत सामान्य घराच्या आवाक्याबाहेर राहिली आहे. पावणेनऊ इंचांच्या जवळचा साधा टॅब मात्र मध्यम फोनपेक्षा स्वस्तात येतो आणि त्याची रुंदी ११ सेंटीमीटरच्या वर भरते.

बाबांनी शेवटी तोच घेतला. साडेसहा इंची फोन आता माझ्या धाकट्या भावाकडे आहे. सकाळी चहाच्या वेळी बाबा टॅब साखरेच्या डब्याला टेकवून उभा करतात, पान अर्धे करून वरचा भाग आधी वाचतात, मग खालचा. पट्टी अजून टेबलाच्या खणातच आहे. गेल्या आठवड्यात शेजारच्या काकी फोन घ्यायला फोंड्याला निघाल्या, तेव्हा त्या ती मागून घेऊन गेल्या.