बायडननी लोन माफ केलं नाही कारण करायचंच नव्हतं?

"हाऊस, सिनेट ही संसदेची दोन्ही सभागृहं बायडनच्या डेमोक्रॅट पक्षाच्या हातात होती तरी अमेरिकेत स्टुडंट लोन माफ नाही केलं" हे अजून फिरतंय, पण ते बरोबर नाहीये. 2021 ला सिनेट 50-50, बहुमत फक्त तेव्हाच्या उपाध्यक्ष कमला हॅरिसच्या मतावर, आणि साधं बिल फिलिबस्टरमधून (म्हणजे चर्चा लांबवून बिल अडवण्यातून) काढायला 100 पैकी 60 मतं लागतात, बजेटच्या खास वाटेने साध्या बहुमतात चालतं पण मग स्वतःचा एकही सिनेटर फुटून चालत नाही. म्हणून 2022 ला आणीबाणीत स्टुडंट लोनचे नियम सैल करू देणाऱ्या 2003 च्या कायद्यावर 10 हजार, पेल ग्रँटवाल्यांना (गरीब घरच्या विद्यार्थ्यांना मिळणारी सरकारी मदत) 20 हजार डॉलरपर्यंत माफी जाहीर केली, ती सुप्रीम कोर्टाने जून 2023 मध्ये 6-3 ने उडवली. आणि हे कोणी सांगतच नाही, त्याच महिन्यात सिनेटने माफीविरोधी ठराव 52-46 ने पास केला, त्याच्या बाजूने मत देणाऱ्यांत मॅन्चिन आणि टेस्टर हे सिनेटर डेमोक्रॅटच होते, बायडननी व्हेटो केला (नकाराधिकार वापरून रोखला) तो ठराव!